अभ्र्यावरचा पोपट

काल दुपारी पाऊस पडला. इथला पाऊस म्हणजे आधी मोबाईलवर इशारा, मग शाळेला सुट्टी, मग सगळ्यांनी खिडकीशी उभं राहून व्हिडिओ काढायचे, आणि हे सगळं होईपर्यंत पाऊस संपलेला. दुबईतल्या सिलिकॉन ओएसिसच्या आमच्या इमारतीखाली पार्किंगमध्ये घोट्याएवढं पाणी साचलं आणि संध्याकाळी बाथरूमच्या खिडकीतून एक पाल घरात आली. फिकट, करंगळीएवढी, पोटातलं दिसावं इतकी पातळ. दिव्यामागे जाऊन बसली.

"अम्मी, मी मेन्टेनन्सला कम्प्लेंट टाकतो," फारूक म्हणाला. "उद्या पेस्ट कंट्रोलवाले येतील, स्प्रे मारतील, खलास."

"दादी, इट्स जस्ट अ गेको," माझी नात आयेशा म्हणाली. "इट डझन्ट इव्हन बाईट."

"कुणी सांगितलं तुला?" मी विचारलं. तिने फोनवरून नजरही उचलली नाही. मी फारूकला म्हटलं, राहू दे तिला, खालचं पाणी ओसरेपर्यंत. तेवढ्यात पाल चुकचुकली. आपल्या भाषेत शंकेला पालीचा आवाज कुणी दिला कोण जाणे, पण ज्याने दिला तो माझ्यासारखाच रात्रंदिवस कान टवकारून बसणारा असणार. मला तर त्या एका आवाजासरशी रास अल खैमाचा तो हिवाळा आठवला.

मी स्वभावाने संशयी आहे. दूध उतू गेलं तरी मला वाटतं कुणीतरी गॅस मोठा केला. घरात कुठलंही बंद खोकं आलं, अगदी आयेशाने ऑनलाइन मागवलेले बूट असले, तरी मी आधी त्याला कान लावते आणि मगच उघडू देते. घरात यावरून माझी भरपूर थट्टा होते. होऊ दे. या स्वभावाची मला लाज नाही. त्याने मला एकदा वाचवलं आहे.

कान लावायची सवय माहेरची. रत्नागिरीच्या खाली, खाडीच्या अलीकडे आमचं गाव. जांभ्या दगडाचं सगळं, आणि दगड तिथे फुरसं. वीतभर, फार तर हातभर लांबीचा साप, मातीच्याच रंगाचा. दिसत नाही, पण ऐकू येतो. अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून खरखर आवाज करतो, बोथट करवत लाकडावरून ओढावी तसा. आमच्याकडच्या पोराला अलिफ-बे यायच्या आधी हा आवाज ओळखता यायचा. माझे बावा, म्हणजे वडील, पडलेला गडगा रचत होते. दगडाखाली हात घातला आणि ते त्या आठवड्यात गेले. मी लहान होते, पण त्यांच्या हाताला बांधलेलं फडकं मला अजून दिसतं. त्यानंतर आईने घरात नियमच केला: आधी ऐकायचं, मग हात घालायचा. लाकडाच्या ढिगात, भाताच्या कणगीत, चुलीमागे, कुठेही.

तर अशा घरातली मी लग्नानंतर आगबोटीने दुबईला उतरले. तेव्हा हा एक देश नव्हता. समुद्राकाठी वेगवेगळ्या शेखांची गावं होती आणि मधे वाळू. दुबईहून उत्तरेला जायला रस्ता नव्हता. ओहोटी बघून समुद्राच्या कडेकडेने ट्रक हाकायचा. आमचे हे ड्रायव्हरशेजारी बसून आनंदाने गप्पा मारत होते आणि मी मागे ट्रंकेवर बसून विचार करत होते की हा माणूस मला फसवून नेतो आहे. गाव कुठे आहे? माणसं कुठे आहेत? पत्रात तर लिहिलं होतं, "इथे झाडी आहे, तुला करमेल."

झाडी होती, नाही असं नाही. डोंगराच्या पायथ्याशी खजुराच्या बागा, बागांच्या पुढे गाफची झाडं लांबवर पसरलेली, मग नुसते गोटे आणि त्यामागे उघडेबोडके, करपलेल्या भाकरीच्या रंगाचे डोंगर. "हे आमचं रान," हे हात पसरून म्हणाले. रान कशाला म्हणतात ते कोकणातल्या मुलीला कुणी शिकवू नये.

हे तिथल्या छोट्या दवाखान्यात कंपाउंडर होते. आमचं घर खजुराच्या झावळ्यांचं. झावळ्या मला नव्या नव्हत्या, आमच्याकडे नारळाच्या असत. पण भिंतीसुद्धा झावळ्यांच्या, हे मला मान्य नव्हतं. वारा आला की भिंत बोलायची. पाली त्या भिंतींतून आत-बाहेर करायच्या, कुणाचं काही न ऐकता. मी सुरुवातीला झोपायच्या आधी चारी भिंतींना कान लावून यायचे. हे हसायचे. "जैबू, इथे काही नाही गं. वाळवंटात काय असणार?" म्हणायचे. आणि हे म्हणताना माझ्याकडे न बघता कंदिलाची काच पुसायचे. तेव्हाच मला ओळखायला हवं होतं की या माणसाला खोटं बोलता येत नाही.

त्या हिवाळ्यात पाऊस झाला. आधीची काही वर्षं कोरडी गेली होती म्हणे, त्यामुळे लोकांना ईद झाल्यासारखं वाटत होतं. डोंगरातून वादी, म्हणजे एरवी कोरडा असणारा ओढा, भरून आली, बागांच्या पाटांना पाणी सुटलं, गोट्यांमधून बारीक हिरवं गवत निघालं. आणि एका संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर मला बेडूक ऐकू आला. आधी एक, मग खूप. मी दारात उभी राहिले आणि मला रडू आलं. त्या मातकट, ओबडधोबड जनावरांनी माझ्या माहेरचा आषाढ तिथे आणून ओतला होता.

हे मागे येऊन उभे राहिले. "ऐकतेस? हा जाडा आवाज मोठ्या भेकाचा, वरच्या डबक्यातला. आणि तो चिरका, तो धाकटा."

मी डोळे पुसले आणि वळून बघितलं. कंपाउंडर माणूस. ह्याला वरच्या डबक्यातला बेडूक आवाजावरून कसा ओळखू येतो? वरचं डबकं डोंगराच्या तोंडाशी होतं, घरापासून चांगलं लांब. तिथे ह्याचं काय काम? तिथून सगळं सुरू झालं.

शेजारी उम्म राशिद राहायची, तिथलीच, बुरख्याआड सोनेरी दात असलेली. नवऱ्याच्या पडावावरून, म्हणजे गलबतावरून, मुंबईची हिंदी तिच्या घरात आली होती. ती मला खजूर आणून द्यायची, मी तिला घावणे. एकदा घावणा मोडता मोडता म्हणाली, "जैबून, तेरा मर्द रोज असर की नमाज के बाद वादी जाता."

"दवाखान्याचं काम असतं. वाळवंटातले बद्दू लोक आजारी पडतात."

"वादी में बद्दू कहाँ? पत्थर है, पानी है. और ऊपर मौझा का बाग है."

"मौझा कोण?"

"बेवा है," उम्म राशिद म्हणाली आणि हसली. "मेरा मर्द भी ऐसे ही जाता था, काम है, काम है. फिर एक दिन दूसरी को ले आया. खलास."

तिने हे वाईट मनाने सांगितलं नव्हतं. तिच्या लेखी ती हवापाण्याची गोष्ट होती. मी मात्र त्या दिवसापासून नवऱ्याकडे फौजदाराच्या नजरेने बघायला लागले, आणि बघायला लागल्यावर दिसायला काय कमी?

अंगाला स्पिरिटचा वास येत होता. कंपाउंडरच्या अंगाला तो येणारच, हे मलाही कळतं. पण दवाखान्यातून जेवायला घरी आले की हे हातपाय धुऊन साफ व्हायचे, आणि वादीतून परतले की वास पुन्हा ताजा. मी पाठ वळवून नाक ओढून बघायचे. हा माणूस पितो की काय, अशी एक शंका. मनगटावर ओरखडे, बारीक आणि समांतर. "काटे लागले," म्हणाले. काटे असे चार एका ओळीत लागत नाहीत. बांगडी लागते, नख लागतं. मग माझी आंब्याच्या लोणच्याची रिकामी बरणी गेली. मग चुलीचा लांब चिमटा गेला. "दवाखान्यात हवा होता." दवाखान्यात चिमटे नसतात होय?

आणि मग अभ्रे. लग्नाआधी मी आणि आईने मिळून उशांचे अभ्रे भरले होते. पांढरं सुती कापड आणि त्यावर निळ्या दोऱ्याचा एकेक पोपट, चोचीत लाल मिरची. आईची नजर तेव्हा कमी झाली होती, म्हणून तिच्या पोपटांचे डोळे जरा वाकडे यायचे. ते अभ्रे ट्रंकेतून एकेक करून कमी व्हायला लागले. मला सांगा, उशीचा अभ्रा दुसऱ्या उशीशिवाय कुठे जाईल? आणि दुसरी उशी कुणाच्या घरात असेल? माझ्या डोळ्यांसमोर मौझाचं घर उभं राहिलं. तिच्या चटईवर माझ्या आईचा वाकड्या डोळ्याचा पोपट. त्या विचाराने मला जेवण जाईना.

जेवण जाईना याला आणखीही कारण होतं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. फारूक पोटात होता. सांगायला तोंड उघडायचे आणि ह्यांच्या मनगटावरचा नवा ओरखडा दिसायचा. मी ठरवून टाकलं. आमच्या ओळखीचं एक राजापूरकडचं कुटुंब पुढच्या बोटीने मुंबईला जाणार होतं. मौझा खरी निघाली तर मी त्यांच्याबरोबर जाणार, मूल माहेरी वाढवणार आणि ह्या माणसाला त्याचं तोंडही दाखवणार नाही. फक्त एकदा डोळ्याने बघायला हवं होतं. नुसत्या वासावर कुणी संसार मोडत नाही.

मग पुन्हा जोराचा पाऊस झाला. दुपारी हे भिजून घरी आले, हातात चहाचं लाकडी खोकं, वर फळी आणि कडी. असं खोकं मी कधी घरात पाहिलं नव्हतं. ते त्यांनी खाटेखाली अगदी भिंतीशी सरकवलं.

"काय आहे त्यात?"

"दवाखान्याचं सामान. वादीला पाणी आलंय, तिकडे जाता येत नाही, म्हणून आजच्या दिवस इथे. जैबू, हात लावू नकोस हं."

"कोण कशाला लावतंय?"

"तरीपण. बोल, नाही लावणार."

"नाही लावणार."

ते दवाखान्यात गेले. माझी पावलं खाटेकडे वळली. वादीच्या पलीकडे न्यायचं सामान, आज नेता आलं नाही म्हणून घरात! मौझासाठी कापड असेल, अत्तर असेल, कुणी सांगावं, बांगड्या असतील. मी खोकं ओढलं. जड नव्हतं. कडी काढली, फळी उचलली.

आत माझा अभ्रा होता. तोंडाला सुतळी बांधलेला, आणि वर निळा पोपट, आईच्या हातचा. मला इतका संताप आला की डोळ्यांपुढे अंधारी आली. सुतळी तोडून आतलं सगळं अंगणात भिरकवायचं म्हणून मी हात घातला.

आणि पोपटाच्या पोटातून आवाज आला. खरखर.

माझा हात हवेत थांबला. मी थांबवला नाही, तो आपोआप थांबला. रास अल खैमात, समुद्रापलीकडे, जिथे माझं कुणी नव्हतं, तिथे माझ्या नवऱ्याच्या खोक्यात माझ्या गावाचा आवाज होता. अभ्र्याचं कापड एका जागी हललं, थांबलं, पुन्हा खरखर. मी फळी अलगद ठेवली, कडी लावली आणि दाराबाहेर ओट्यावर जाऊन बसले. पाऊस थांबला होता. उम्म राशिदने हाक मारली तरी उठले नाही.

हे आले तेव्हा मी तिथेच होते.

"खोक्यात फुरसं आहे," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. धावत आत गेले, खोक्याची कडी बघितली, बाहेर आले, माझे दोन्ही हात उलटसुलट करून बघितले. बोटं एकेक तपासली. मग माझ्यासमोर मातीतच बसले.

"तू उघडलंस."

"माझे अभ्रे कुठे जातात?"

"साहेबाकडे," ते म्हणाले. आणि मग सगळं बाहेर आलं. एक इंग्रज साहेब त्या हिवाळ्यात डोंगराच्या तोंडाशी तंबू टाकून राहिला होता. त्या भागातले साप, सरडे, पाली, बेडूक गोळा करून विलायतेला न्यायचे होते त्याला. ही जनावरं कोण धरू शकतं, असं विचारत तो दवाखान्यात आला, आणि आमचे हे, लहानपणी गावाकडच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, सरड्यांमागे धावलेले, लगेच म्हणाले, मी.

"त्याच्या पिशव्या संपल्या. सुती कापड लागतं गं, आत जीव गुदमरत नाही."

"बरणी?"

"पाली ठेवायला. स्पिरिटमध्ये."

"माझ्या लोणच्याच्या बरणीत? आणि हे ओरखडे?"

"धब आहे ना, तो मोठा शेपटीवाला सरडा. बिळातून ओढला की नखं मारतो."

"मला का नाही सांगितलं?"

ते सुतळीचा एक तुकडा बोटाला गुंडाळत राहिले. "तुझे बावा," एवढंच म्हणाले. "तू झोपायच्या आधी भिंतींना कान लावतेस. तुला कसं सांगू, की इथेही आहे म्हणून?"

मला एकदम खूप रडू आलं, आणि रडता रडताच मीही जे लपवलं होतं ते सांगून टाकलं. ते उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. मग खोकं उचलून, वादीला पाणी असो नसो, तडक साहेबाच्या तंबूकडे निघाले. ते फुरसं त्यांना घरात आणखी क्षणभरही नको होतं.

एवढ्याने माझी शंका फिटली असं कुणी समजू नये. पाणी उतरल्यावर मी ह्यांच्याबरोबर वादीत गेले, सगळं स्वतः बघायला. साहेब होता, त्याच्या तंबूत बरण्या होत्या, आणि माझ्या बरणीत पाली उभ्या तरंगत होत्या. मौझाही होती. साहेबाला दूध देऊन जात होती. तिने बुरखा जरा वर करून मला चहा दिला आणि मी बघितलं, बाई देखणी होती. चांगलीच देखणी. हे ह्यांनी कधी सांगितलं नव्हतं. परत येताना मी विचारलं तर म्हणाले, "असेल. मी कुठे बघितलं?" यावर मी आजही पूर्ण विश्वास ठेवलेला नाही. हिवाळा सरला आणि साहेब पेट्या बांधून निघून गेला. आईचे पोपट त्याच्याबरोबर गेले. विलायतेत कुठल्यातरी कपाटात ते वाकड्या डोळ्यांनी बघत असतील.

पण त्या दिवसापासून आमच्या घरात एक रीत पडली. मी अट घातली होती: जे काही बंद असेल ते घरात आणण्याआधी दारातून सांगायचं, आत काय आहे. हे उंबऱ्याशी उभे राहायचे आणि म्हणायचे, "दोन भेक, एक पाल. फुरसं नाही." साहेब गेला, तरी सांगत राहिले. पुढे आम्ही शारजाला आलो, मुलं झाली, देश झाला, झावळ्यांच्या जागी काँक्रीट आलं, आणि हे रोज संध्याकाळी दारात उभं राहून सांगायचे, "खुबूस, टमाटे, सुरमई आहे. फुरसं नाही." मुलांना कित्येक वर्षं वाटायचं की फुरसं हे कुठल्यातरी भाजीचं नाव आहे आणि ती बिचारी बाजारात कधीच मिळत नाही. भांडण झालं असलं, बोलणं बंद असलं, तरी एवढं ते सांगायचेच. नुसतं "फुरसं नाही" म्हणून पिशवी ठेवायचे आणि आत जायचे. मी पिशवीत हात घालायचे. साऱ्या दुनियेवर संशय घेणारी मी, त्या दोन शब्दांवर कधीच घेतला नाही.

हे गेले त्याला आता दोन हिवाळे झाले. फारूक हॉस्पिटलमधून त्यांचं सामान घेऊन आला. कापडी पिशवी, तोंड बांधलेली. आत काय असणार? चपला, घड्याळ, टोपी, चष्मा. दमला होता बिचारा, रडून डोळे सुजलेले. काही न बोलता त्याने ती सोफ्यावर ठेवली आणि आत निघून गेला.

ती पिशवी माझ्या कपाटात आहे. फारूकची बायको एकदा म्हणाली, "अम्मी, उघडूया ना, मी बसते तुमच्याजवळ." मी नको म्हटलं. काल पाल चुकचुकल्यावर मी ती बाहेर काढली, मांडीवर घेतली आणि नेहमीसारखा कान लावला. आतून कसलाच आवाज येत नाही. पण दारात उभं राहून कुणी मला सांगितलेलं नाही, आणि सांगितल्याशिवाय मी हात घालत नाही.